गढीतलं लग्न आणि साडेबाराचं ऊन: खान्देशातल्या फोटोग्राफरसाठी

"गढीत लग्न आहे म्हटल्यावर फोटो भारीच येणार," असं पार्टी म्हणते आणि इसार देऊन मोकळी होते. पहिल्यांदा अशी ऑर्डर घेतली तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं. तापीकाठचं गाव, पांढरीच्या टेकाडावर उभी गढी, दोन बुरूज शाबूत, आत चौक. महिना मे, मुहूर्त दुपारी बारा पस्तीसचा. घरी येऊन फोटो उघडले तर नवरीच्या डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे, फेट्याची सावली नवरदेवाच्या नाकापर्यंत उतरलेली, मागची भिंत पांढरीफटक. त्यात मंडपाच्या लाल-पिवळ्या कापडाने सगळ्या वऱ्हाडाला कावीळ झालेली. अल्बममधले जे पाच-सात फोटो लोकांना आवडले ते सगळे देवडीत, म्हणजे दरवाजाच्या आतल्या छपराखाली, सहज काढलेले होते. नवरीची आजी उन्हातून आत येऊन पदराने घाम टिपत उभी होती, तो त्यातलाच एक. तेव्हापासून गढीत शिरलो की मी आधी दारं मोजतो. बुरूज नंतर बघतो.

हा लेख त्या दारांबद्दलच आहे. बाकीच्या गोष्टी ओघाने येतील.

गढी कुणाची, परवानगी कुणाची

खान्देशात गढी हा शब्द सैल आहे. गावाच्या टोकाला ढासळलेल्या मातीच्या ढिगालाही गढी म्हणतात आणि जिथे आजही चूल पेटते त्या जहागीरदारांच्या वाड्यालाही. नंदुरबार जिल्ह्यातल्या तळोद्याची बारगळांची गढी घ्या. मल्हारराव होळकर लहानपणी तिथे मामाकडे, भोजराजराव बारगळांकडे वाढले आणि पुढे मामाचीच लेक गौतमाबाई त्यांची बायको झाली. म्हणजे गढीत लग्नं जुळण्याचा रिवाज आपल्याकडे जुनाच आहे, इन्स्टाग्रामने आणलेला नाही.

राहत्या गढीची पंचाईत वेगळी असते. वास्तू एक, वाटण्या चार. माझ्या एका ऑर्डरला नवरीच्या वडिलांनी सगळी गढी आपलीच असल्यासारखा शब्द दिला होता. लग्नाच्या दिवशी पाहतो तर माडीला कुलूप. माडी चुलत्यांच्या वाटणीत गेलेली आणि त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. अंतरपाटाचा वरून काढायचा फोटो त्या कुलपापायी गेला. आता मी पार्टीला पहिल्याच भेटीत विचारतो: चौक कुणाचा, माडी कुणाची, बुरुजाची किल्ली कुणाकडे? आणि ज्या भाऊबंदाच्या वाटणीत कॅमेरा न्यायचा त्यांच्याकडे स्वतः जाऊन बसतो, चहा घेतो, कधी किती वेळ येणार ते सांगतो. कागदावर सही मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तरी "आबांना विचारून गेलो होतो" हे वाक्य त्या दिवशी कामाला येतं.

लळिंग, थाळनेर, पारोळा हे किल्ले मात्र कुणाच्या घरचे नाहीत. तिथे फार तर प्री-वेडिंग होतं, तेही रीतसर. केंद्राच्या संरक्षित स्मारकांना १९५८चा कायदा लागू होतो, राज्याच्या स्मारकांना १९६०चा. दाराशी कुठल्या खात्याचा फलक आहे तो वाचा आणि त्याच कार्यालयात लेखी अर्ज द्या. ट्रायपॉड, लाइट, धुराच्या कांड्या नेणार असाल तर अर्जात स्पष्ट लिहा. ऐनवेळी पहारेकऱ्याच्या हातात नोट सरकवून काम करण्याची सवय या धंद्याला लागली आहे. ती सोडा.

ड्रोनचं थोडक्यात. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो. पैसे घेऊन मायक्रो उडवायचा तर पायलटचं प्रमाणपत्र लागतं. डिजिटल स्काय या सरकारच्या ड्रोनसाठीच्या संकेतस्थळावरच्या नकाशात गाव हिरव्या पट्ट्यात आहे का ते बघा. जळगाव विमानतळाच्या आसपासच्या गावांत तर आधी हेच बघा. हिरव्या पट्ट्यातही उंचीची मर्यादा ४०० फूट. आणि नकाशात न दिसणारी गोष्ट म्हणजे आग्यामोहोळ. जुन्या बुरुजाच्या कोनाड्यात किंवा आवारातल्या पिंपळावर पोळं असेल तर ड्रोन, धूर आणि फटाके तिन्ही विसरा. दोनशे माणसांच्या पंगतीवर माश्या उठल्या तर फोटोचं कुणाला सुचणार?

ऊन कुठून येतं

धुळे, जळगाव साधारण २१ अक्षांशावर आहेत. मे महिन्याच्या २४-२५ तारखेच्या आसपास इथे सूर्य अगदी डोक्यावर येतो, खांबाची सावली खांबाच्याच पायात नाहीशी होते. आपल्या घड्याळात हे दुपारी बाराला घडत नाही, साडेबाराला दोन-चार मिनिटं कमी असताना घडतं. आता लग्नपत्रिका काढा आणि मुहूर्ताच्या वेळा बघा. वैशाखातले किती मुहूर्त नेमके बारा ते एकच्या मध्ये येतात! म्हणजे गुरुजी अक्षता वाटतात त्या क्षणी सूर्य आपल्या पेशावर सगळ्यात जास्त रुसलेला असतो.

तुळशीच्या लग्नानंतरच्या सराईत गणित बदलतं. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य दक्षिणेकडे कललेला, क्षितिजापासून जेमतेम ४५ अंशांवर. त्याच चौकात उत्तरेच्या ओसरीत ऊन आत येतं आणि दक्षिणेची ओसरी दिवसभर सावलीत राहते. मावळतीही सरकते. मे अखेरीस सूर्य सातनंतर पश्चिमेच्या बराच उत्तरेला बुडतो, डिसेंबरात सहाच्या आत आणि नैर्ऋत्येकडे. म्हणून डिसेंबरात पाहून ठेवलेली जागा मेमध्ये चालेलच असं नाही.

रेकीला, म्हणजे जागा आधी बघून यायला, म्हणूनच मुहूर्ताच्याच वेळेला जायचं. संध्याकाळी गारव्यात जाऊन, चहा पिऊन, "मस्त लोकेशन" म्हणून परत यायचं नाही. दुपारी बारा ते एक गढीत थांबा. सोबत कुणी नसेल तर स्वतःचा तळहात चेहऱ्याच्या उंचीवर उभा धरा आणि चालत राहा. बोटांच्या पेरांत काळ्या रेघा उमटल्या तर तिथे डोळ्यांखाली खड्डे पडणार. तळहात सपाट, मऊ दिसायला लागला की थांबा, ती जागा वहीत लिहा. वहीत गढीचा साधा आराखडा काढून प्रत्येक दारापुढे वेळ टाकायची. बहुतेक वेळा ही जागा दाराच्या उंबऱ्यापासून पाच-सहा फूट आत सापडते.

देवडी

देवडी म्हणजे दिंडी दरवाजा आणि चौक यांच्यामधली छपराखालची जागा, जिथे पूर्वी पहारेकरी बसत. तिन्ही बाजूंनी जाड भिंती, एक बाजू उघडी आणि तिच्यापुढे उन्हात तळपणारी पांढरी माती किंवा फरशी. हे ऊन जमिनीवर आपटून देवडीत येतं तेव्हा त्याची धार गेलेली असते. कुठल्याही सॉफ्टबॉक्सच्या तोंडात मारेल असा उजेड फुकट मिळतो, तोही भर मेमध्ये.

नवरीला चौकाकडे तोंड करून उंबऱ्यापासून साधारण सहा फूट आत उभी करा. तुम्ही चौकाच्या बाजूला, पण तिचा उजेड अडणार नाही असे थोडे तिरके. बाहेर चौकात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००ला एफ (लेन्सचं छिद्र) ८ आणि शटर १/४०० सेकंदाच्या आसपास जमत असेल तर इथे आयएसओ २००, एफ २.८, १/२५०च्या जवळपास हिशोब बसतो. म्हणजे पाचेक स्टॉपचा फरक, एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट. अजून चार फूट मागे सरकवली की चेहरा झपाट्याने काळवंडतो; दोन फूट पुढे घेतली की कपाळ पेटतं. एकदा जागा सापडली की खडूने फुली मारून ठेवा. दिवसभर ज्या कुणाचा नीट फोटो हवा, आत्याबाई असोत नाहीतर करवल्या, त्यांना त्याच फुलीवर आणायचं.

एक अडचण येते. भिंती ऑइलपेंटने हिरव्या-निळ्या रंगवलेल्या असतील तर तो रंग गालावर उतरतो. व्हाइट बॅलन्सने हे पूर्ण जात नाही, कारण एक गाल हिरवा आणि दुसरा बरोबर असतो. अशा भिंतीपासून माणसाला हातभर लांब ठेवा किंवा भिंतीवर पांढरं धोतर टांगा. धोतर गढीत मागितलं की मिळतं, रिफ्लेक्टरसारखं घरी विसरत नाही.

माजघर आणि सानं

आत माजघरात नवरीची तयारी चालते. धाब्याची घरं असतील तर छताला उजेडासाठी ठेवलेलं भोक असतं, त्याला सानं म्हणतात. दुपारी त्यातून उन्हाचा खांब जमिनीवर उभा राहतो. नवशिके त्या खांबातच नवरीला उभी करतात आणि पुन्हा तेच डोळ्यांचे खड्डे. त्याऐवजी ऊन जिथे जमिनीवर पडतं तिथे पांढरी चादर किंवा धोतर अंथरा आणि नवरीला त्याच्या शेजारी बसवा. चेहऱ्याला खालून आणि बाजूने उजेड मिळतो, बांगड्या आणि नथ चमकतात, मागचा कडीपाट अंधारात राहून जुनेपण सांगतो. आयएसओ १६००, एफ २, १/१२५ ही सुरुवात धरा, मग पडद्यावर बघून हलवा.

इथे फ्लॅश छतावर मारू नका. मातीचं किंवा काळं पडलेलं लाकडी छत उजेड परत देत नाही, दिलाच तर तपकिरी करून देतं. फ्लॅश लागलाच तर मागच्या चुन्याच्या भिंतीवर मारा.

माजघराला लागून देवघर असतं. तिथे शिरण्याआधी घरातल्या ज्येष्ठ बाईंना विचारायचं: "जिजी, देवकाचे फोटो कुठून काढू?" पायातलं बाहेर, चामड्याची बॅग आणि चामड्याचा पट्टा असलेला कॅमेराही बाहेर. हे न सांगता पाळलं की पुढे दिवसभर तुम्हाला कुणी दारात अडवत नाही. कुलदैवताचा टाक, मग ती एकवीरा असो, धनदाई असो की खंडोबा, त्याचा फोटो काढू देतात की नाही हे घरागणिक वेगळं असतं. नाही म्हणाले तर कॅमेरा खाली.

मंडपवाल्याशी बोलणं

हे काम बहुतेक फोटोग्राफर करतच नाहीत आणि मग एडिटिंगला चेहऱ्यांचा पिवळेपणा काढत रात्री घालवतात. मंडपवाल्याचा नंबर पार्टीकडून आठ दिवस आधी घ्या. त्याला सांगायच्या गोष्टी: छताचं कापड पांढरं किंवा मोतिया, झालरी हव्या त्या रंगाच्या. स्टेजच्या मागची कमान झाकू नकोस, ज्या कमानीसाठी एवढ्या लांब गढीत आलो तिच्यावर थर्माकोलचा मोर नको. भिंतीत खिळा ठोकायचा नाही, बांबू जमिनीतल्या डब्यात उभे करायचे. आणि मंडपाची कड ओसरीच्या छपराला भिडव, मध्ये दोन हातांची फट ठेवलीस तर ऐन साडेबाराला उन्हाची पट्टी नवरदेवाच्या नाकावर येते. हसू नका, माझ्याकडे तसा अख्खा सप्तपदीचा सेट आहे.

स्टेज कुठे घ्यायचं? जमलं तर चौकाच्या त्या बाजूला, जिथे वधूवरांच्या पाठीशी सावलीतली ओसरी येते. उन्हात तळपणारी भिंत मागे आली तर चेहरा आणि भिंत यांतलं एकच काहीतरी नीट येणार.

मुहूर्त

दोन कॅमेरे हवेत, एकट्याने ही ऑर्डर घेऊच नये. एक जण माडीच्या सज्जात ७०-२०० मिमीची लेन्स घेऊन, दुसरा खाली ३५ किंवा २४-७०ची घेऊन गुरुजींच्या उजव्या हाताला. वर जाण्याआधी लाकडी जमीन पायाने चाचपा, घरच्यांना विचारा किती माणसं चालतील, आणि तेवढीच वर जाऊ द्या. जुन्या माडीवर करवल्यांची झुंड चढली की मी फोटो थांबवतो आणि आधी त्यांना उतरवतो. मला तेव्हा कुणी चांगलं म्हणत नाही.

मंगलाष्टकं सुरू झाली की मोबाइलवाले पुढे येतात. त्यांच्याशी भांडून उपयोग नाही. आदल्या दिवशी हळदीलाच नवरीच्या मामांना गाठून ठेवा: "मामा, अंतरपाट निघताना समोरची तेवढी दोन हात जागा मला मोकळी पाहिजे, ती तुम्ही सांभाळायची." मामांचा आवाज आपल्यापेक्षा मोठा असतो आणि त्यांना कुणी उलटून बोलत नाही. अक्षता हवेत थांबलेल्या हव्या असतील तर १/१००० लागतो. पांढऱ्या कापडाखाली दुपारी एवढा उजेड आरामात मिळतो.

गटाचे फोटो जेवणाआधी उरका, कारण वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्याच्या भाजीची पंगत बसली की माणूस उठत नाही, उठला तरी फोटोत दिसायच्या लायकीचा राहत नाही. गढीच्या जोत्याच्या पायऱ्या गटासाठी सोन्यासारख्या. चार पायऱ्या म्हणजे चार रांगा, एफ ८ ठेवला की सगळे चेहरे धारदार. कोण कोणाचं हे ओळखणारी एक आत्या शोधा आणि यादी तिच्या हातात द्या. तिने हाक मारायची, तुम्ही फोटो काढायचे. "स्माइल प्लीज" म्हटल्यावर म्हाताऱ्या अजूनच ओठ मिटतात. धुळे-साक्रीकडे अहिराणीत "आठे दखा ना माय" (इकडे बघा ना आई) म्हटलं की आधी आश्चर्य, मग हसू. त्या हसण्यावर बटण दाबायचं. यावल-रावेरकडे लेवा गणबोली चालते, तिथे तिथल्यासारखं बोलायला एखादा स्थानिक पोरगा असिस्टंट म्हणून घ्या.

उन्हाचा मार सामानाला आणि माणसाला

कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात बहुधा ४० अंशांपर्यंतच वापराची मर्यादा दिलेली असते. आपल्याकडे मेमध्ये सावलीतच ४३-४४ असतं. चौकात फोरके व्हिडिओ चालू ठेवला तर कॅमेरा तापून बंद पडतो आणि तो कधीही सप्तपदीच्या चौथ्या पावलालाच बंद पडतो. उपाय साधे आहेत: काळ्या बॉडीवर ओला नाही, कोरडा पांढरा गमछा, व्हिडिओ तुकड्या-तुकड्यांनी, दुसरी बॉडी माजघरातल्या सावलीत तयार. मातीच्या भिंतींमुळे आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा बरंच कमी असतं, तेच आपलं फ्रीज. बॅटऱ्या गाडीच्या डिकीत ठेवू नका. लेन्स चौकात बदलू नका, पांढरीची धूळ पिठासारखी बारीक असते आणि वावटळ सांगून येत नाही.

दुपारी अडीच ते पाच टीमला झोपवा. खरंच झोपवा. सकाळी हळदीपासून उभं राहिलेल्या पोराला संध्याकाळी वरातीत चक्कर येते. पन्हं, ताक, मिठाचं पाणी, चहा कमी.

गोरज आणि नंतरची वीस मिनिटं

मुहूर्त गोरज असेल तर नशीब समजा. नसला तरी संध्याकाळी जोडप्याचा अर्धा तास पार्टीकडून आधीच लिहून घ्या, नाहीतर तो वेळ आहेर मोजण्यात जातो. सूर्य बुडण्याआधीची पंधरा मिनिटं बुरुजाच्या पश्चिम अंगाला, तटाच्या विटा तांबूस होतात तिथे. जोडपं तटावर चढवायचं नाही. मातीचा तट वरून भक्कम दिसतो आणि आतून उंदीर-घुशींनी पोखरलेला असतो. खाली उभं करून खालूनच कॅमेरा लावला तरी तेच दिसतं.

सूर्य बुडाल्यावर आकाश निळं राहतं ती वीस मिनिटं गढीची खरी. त्याआधीच आतल्या प्रत्येक खिडकीत आणि देवडीत एकेक पिवळा बल्ब किंवा छोटा एलईडी लावून ठेवायचा. मग ट्रायपॉड, आयएसओ ४००, एफ ५.६, शटर सेकंदाच्या पाव भागापासून सुरू, जोडप्याला हलू नका म्हणून सांगायचं आणि त्यांच्या पाठीशी दरवाजात एक फ्लॅश. निळ्या आकाशापुढे पिवळ्या खिडक्या पेटलेली गढी. हा फोटो पार्टी घरात फ्रेम करून लावते, म्हणून त्यासाठी वेळेची मारामारी करायची.

वीज गेली तर काय, हे जनरेटरवाल्याला आधीच विचारून ठेवा. स्वस्त एलईडीखाली फोटोत काळे पट्टे आले तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, आपली वीज ५० हर्ट्झची आहे. डीजेच्या लेझरकडे कॅमेरा रोखू नका, सेन्सरवर कायमची रेघ उमटते आणि दुरुस्तीत ऑर्डरचे सगळे पैसे जातात. घोडीच्या डोळ्यांवर फ्लॅश मारू नका. रात्री दहाला आवाज कायद्याने बंद होतो, तेव्हा वरातीचं शूट त्याच्या आत संपवायचं नियोजन ठेवा.

नंतर

एकाच वेळी दोन कार्डांवर लिहिणारा कॅमेरा, त्या रात्रीच दोन हार्डडिस्क, आणि अल्बम पार्टीच्या हातात पडेपर्यंत कार्ड फॉरमॅट करायचं नाही. मिक्सिंगवाल्याला सांगा की गढीच्या फोटोंवर उडती फुलं आणि हृदयं नकोत.

पैशांचं: गढीत काम वाढतं, रेकीच्या दोन फेऱ्या, जादा असिस्टंट, संध्याकाळचे दिवे. ते दरात धरा आणि बोलणीच्या वेळीच सांगा. काही फुटलं-तुटलं तर भरपाई कोणाची, हेही त्याच कागदावर.

आणि एक फेरी दुसऱ्या दिवशी सकाळी सातला. मंडपवाला बांबू सोडत असतो, चौकात अक्षता आणि झेंडूच्या पाकळ्या पडलेल्या, घरातली एखादी काकू खराट्याने त्या गोळा करत असते. पूर्वेचं तिरकं ऊन देवडीतून सरळ आत येतं आणि तुमच्या खडूच्या फुलीवर पडतं. पाच-सहा फोटो काढा, काकूंचाही एक, विचारून. मग फुली पुसून टाका आणि माडीची किल्ली ज्यांची त्यांना नेऊन द्या.